वेळेसाठी रकाना नाही

आमच्या रजिस्टर ऑफिसच्या बरोबर समोर काउंटी कोर्ट होतं. मधे एक झेब्रा क्रॉसिंग. लग्न आमच्याकडे लागायचं, मोडायचं समोर, आणि दोन्हीकडची माणसं रोज चुकीच्या दारात शिरायची. लग्नाची नोंद कोर्टात मिळते अशी लोकांची ठाम समजूत असते. कोर्टातला माणूस खिडकीतून बोट दाखवायचा, की ती मंडळी रस्ता ओलांडून आमच्याकडे. कागदांचा गठ्ठा छातीशी धरलेला आणि ‘आता इथूनही हाकलणार’ असा चेहरा, यावरून मला दारातच कळायचं की हा समोरून आलेला आहे.

ऐंशी आणि नव्वदच्या दशकात, पश्चिम लंडनच्या एका बरोमध्ये, म्हणजे नगरपालिकेच्या विभागात, मी हे काम केलं. इथल्या मराठी मंडळातल्या लोकांना वाटायचं, मी लग्नं लावते. मंडळाच्या या अंकाच्या संपादकांनीही ‘तुम्ही लावलेली लग्नं’ असाच विषय दिला आहे. मी एकही लग्न लावलं नाही. ते काम आमचे सुपरिंटेंडंट मिस्टर पेनफोल्ड यांचं. कोटाला रोज कार्नेशनचं ताजं फूल लावणारे हे गृहस्थ सकाळी टोप्यांच्या स्टँडवरच्या आरशासमोर उभे राहून लग्नाच्या प्रतिज्ञेचे शब्द म्हणून बघायचे. साम्राज्य संपल्याचं त्यांना कोणी कळवलं नव्हतं. ते शब्द म्हणवून घ्यायचे आणि मी शेजारी बसून रजिस्टरमध्ये लिहायची. लग्न नसेल त्या दिवशी जुन्या नोंदी शोधायची. खरं सांगायचं तर दुसरंच काम मला जास्त आवडायचं. जुनी रजिस्टरं भाषण करत नाहीत.

ती असायची तळघरातल्या स्ट्राँगरूममध्ये. लोखंडी दार, खिडकी नाही, आणि व्हिक्टोरिया राणीच्या काळापासूनची बाडं. नोंद हवी असेल तर तीन गोष्टी सांगाव्या लागत: दोघांची नावं, साधारण वर्ष आणि लग्न कुठे लागलं ते. मग मी हाताने लिहिलेला इंडेक्स चाळायची, नोंद सापडली की तिची अक्षर न् अक्षर नक्कल करायची, सही करायची. तुमच्या कपाटातलं मॅरेज सर्टिफिकेट म्हणजे अशी नक्कल. खऱ्या सह्या तळघरातच राहतात.

कोणीही कोणाच्याही लग्नाची नक्कल मागू शकतो, हे फारसं कोणाला माहीत नसतं. एक इंग्लिश बाई आपल्या शेजारणीचं लग्न खरंच झालं होतं का, ते बघायला आल्या. नोंद सापडली नाही. बाई इतक्या खूश झाल्या की त्याच उत्साहात त्यांनी आपल्या आजीच्या लग्नाचाही फॉर्म भरला. तीही नोंद सापडली नाही. त्यानंतर त्या कधी आल्या नाहीत.

रजिस्टरमध्ये लिहायची शाई वेगळी. लिहिताना निळी दिसते, हवा लागली की दिवसागणिक काळी होत जाते आणि मग शे-दोनशे वर्षं हटत नाही. चूक झाली तरी खोडायचं नाही. चूक तशीच ठेवून समासात दुरुस्ती लिहायची. रकाने ठरलेले: तारीख, नावं, वयं, धंदा, पत्ता, दोघांच्या वडिलांची नावं आणि धंदे. आयांना तेव्हा रकाना नव्हता. वयाच्या शेजारी एक रकाना असतो ‘कंडिशन’चा. त्यात प्रकृती लिहायची नसते. अविवाहित, विधवा, विधुर किंवा घटस्फोटित यांपैकी एक लिहायचं.

आता आपल्या लोकांबद्दल. स्टॅनमोरचे एक अकाउंटंट पासपोर्टसाठी नोंद मागायला आले. तारीख सांगितली जूनची, ठिकाण वेम्बलीच्या एका शाळेचा हॉल. इंडेक्समध्ये काही नाही.

“नाही म्हणजे?” ते खवळले. “तीनशे माणसं जेवली, बाई!”

“जेवणाची नोंद आम्ही ठेवत नाही,” मी म्हटलं. “सही कधी केलीत?”

सही फेब्रुवारीत झाली होती. शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नींनी बोटांवर महिने मोजले. मग म्हणाल्या, “म्हणजे चार महिने मी यांची बायको होते आणि माहेरी भांडी घासत होते?”

आपल्याकडची ही रीतच होती. आधी रजिस्टर ऑफिसात जाऊन सही उरकायची. मुलगी बापाच्या घरी परत. मग भारतातली माणसं आली, हॉल मिळाला, की खरं लग्न. कोणाचं भटजींसमोर, कोणाचं बुद्धवंदना घेऊन. लग्नाचा वाढदिवस साजरा व्हायचा तो दुसऱ्या तारखेचा, आणि पहिली तारीख नवरा-बायको दोघंही विसरून जायची. त्यामुळे समोर मराठी माणूस आला की माझा पहिला प्रश्न ठरलेला: जेवणाची नको, सहीची तारीख सांगा.

या रीतीला माझंही खतपाणी होतं. उन्हाळ्यातले आमचे शनिवार वर्षभर आधी भरायचे. मग मंडळाच्या कार्यक्रमात कोणी विचारलं की मी सांगायची, “अहो, मार्चमध्ये या. नुसती सही तर करायची. खरं लग्न करा सावकाश.” पेनफोल्डसाहेबांचं कार्नेशन, त्यांचा घशातला आवाज, लग्न लागताना दारं उघडी ठेवायचा हट्ट, या सगळ्याची मी घरी नक्कल करून दाखवायची. माझ्या लेखी सही म्हणजे नुसता कागद होता. साहेब मला एकदा म्हणाले होते, “लग्न तुमच्या रजिस्टरने होत नाही. दोघांनी शब्द म्हटले की होतं. तुम्ही फक्त झालं ते लिहिता.” कायद्याने ते अगदी बरोबर होतं. मला तो त्यांचा आणखी एक दिखाऊपणा वाटला.

आता मेश्रामांबद्दल.

नामदेवराव मेश्राम मूळचे नागपूरचे, हाउन्सलोला राहायचे, विमानतळावर सामान चढवायच्या खात्यात होते. पत्नी लवकर गेली होती. घरात ते आणि मुलगी विशाखा. तिचं लग्न मिलिंद रामटेके नावाच्या मुलाशी ठरलं. तो इथे इंजिनिअर होता, आईवडील नागपूरला. ते जूनमध्ये येणार आणि तेव्हा हॉलमध्ये बौद्ध पद्धतीने मंगल परिणय होणार असं ठरलं. सहीसाठी मार्चमधला गुरुवार मीच काढून दिला.

मला तो दिवस आठवतो. विशाखा बावीस वर्षांची. साडीवर कार्डिगन, कारण आमच्या ऑफिसचं हीटिंग बंद पडलं होतं. मिलिंदचा सूट त्याच्या मापाचा नव्हता. साहेबांनी शब्द म्हणवून घेतले, दोघांनी थरथरत म्हटले. शेवटचा शब्द संपतो न संपतो तोच मेश्राम भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून मोठ्याने म्हणाले, “अकरा वीस झाले! मला दोनची शिफ्ट आहे, बाबा. आटपा.” सगळे हसले. साहेब तेवढे हसले नाहीत. सह्या झाल्यावर विशाखा माझ्याकडे वाकून हळूच म्हणाली, “काकू, आता झालं का लग्न?”

मी म्हटलं, “कागदावर. खरं लग्न जूनमध्ये. घाबरू नकोस.”

एप्रिलच्या शेवटी मिलिंद गेला. मेंदूत रक्तस्राव झाला, हॉस्पिटलमध्ये दोन दिवस काढले. मंडळात बातमी आली ती अशी: ‘मेश्रामांच्या मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं, मुलगा वारला.’ ठरलेलं, हा शब्द मला खटकला. जमलेल्या सगळ्यांत तो चुकीचा आहे हे फक्त मला माहीत होतं. मी बोलले नाही. भेटायलाही गेले नाही. काय म्हणून भेटायचं, तेच कळेना.

दहा वर्षं गेली. मग एका मंगळवारी मेश्राम माझ्या काउंटरसमोर येऊन उभे राहिले. केस पांढरे, हातात छत्री.

“ताई, एक नोंद सापडेल का? विशाखाची.”

“सापडेल की. नक्कल हवी आहे का?”

“नक्कल नको. नक्कल होती, ती मी फाडली. ती नोंद खोडायची आहे.”

मी त्यांना आतल्या खोलीत बसवलं. त्यांनी सगळं सांगितलं. विशाखा आता एकतीस-बत्तीसची, हॉस्पिटलात फार्मासिस्ट. राहुल नावाच्या शाळामास्तराशी तिचं जमलं होतं. मुलगा इथेच वाढलेला, आपल्यापैकीच, स्वभावाने चांगला. पण त्याची आई मोठी कडक बाई. बौद्ध संस्थेच्या शाखेच्या कार्यक्रमात तिच्यापुढे पुरुषही जपून बोलायचे.

“तिला कळलं तर?” मेश्राम म्हणाले. “पोरीचं लग्न झालंच नव्हतं, ताई. हॉल नाही, वंदना नाही, एक माणूस जेवला नाही. एक दिवस सासरी राहिली नाही. तुम्हीच म्हणाला होता ना, कागदावर?”

मी त्यांना शाईबद्दल सांगितलं. खोडता येत नाही. मी नाही, साहेब नाही, राणीसुद्धा नाही. पुढचंही सांगितलं. विशाखा लग्नाची नोटीस द्यायला आली की तिला आपली कंडिशन सांगावी लागणार. अविवाहित म्हणून सही केली तर तो गुन्हा. आणि ती नोटीस आमच्या दाराजवळच्या बोर्डावर एकवीस दिवस लावली जाणार.

बोर्डाचं नाव काढताच ते खाली बघू लागले. तो बोर्ड आपल्या बायकांना चांगला माहीत होता. मधल्या वर्षांत बसस्टॉप तिथेच आला होता. बस येईपर्यंत कोणाचं कोणाशी जमलं ते वाचून व्हायचं.

“म्हणजे तुमची शाई माझ्या पोरीपेक्षा मोठी,” ते म्हणाले आणि उठले.

ते गेल्यावर मी एक गोष्ट केली, जी खरं तर माझ्या कामात बसत नव्हती. सहकाऱ्याकडून मृत्यूच्या नोंदींचं रजिस्टर घेतलं आणि मिलिंदची नोंद काढली. खबर देणाऱ्याचं मृताशी नातं काय, असा त्यात रकाना असतो. खबर मेश्रामांनीच दिली होती. सासरा म्हणून सही करायचा त्यांना पूर्ण हक्क होता. त्या रकान्यात लिहिलं होतं: ‘दहनाची व्यवस्था करणारा’. फॉर्मवर असा एक पर्याय असतो, ज्याचं कोणी नाही त्याच्यासाठी.

आठवड्याने पोस्टाने एक अर्ज आला. मॅरेज सर्टिफिकेटची नक्कल हवी आहे. नवऱ्याचं नाव मिलिंद रामटेके, बायकोचं विशाखा मेश्राम. आपल्या माणसाने सहीची तारीख बिनचूक लिहिलेली मी पहिल्यांदाच बघत होते. तारखेपुढे, फॉर्मवर कोणी विचारलेलं नसताना, बारीक अक्षरात लिहिलं होतं: सकाळी ११.२०.

वेळेसाठी रकाना नाही. अर्जात नाही, रजिस्टरमध्येही नाही. मी पोस्टाने पोच पाठवली, ‘स्वतः येऊन घेऊन जावे’, आणि पुढचे चार दिवस स्वतःवर चरफडत काढले.

ती आली शुक्रवारी, जेवणाच्या सुट्टीत, हॉस्पिटलचा बॅज तसाच लावलेला.

“बाबा येऊन गेले ना?” तिने खुर्चीत बसता बसता विचारलं.

“ते मी सांगू शकत नाही.”

“म्हणजे आले होते.” ती हसली. “काकू, मला notice द्यायची आहे. त्याच्या आधी हे certificate हवं होतं. घरातलं बाबांनी...”

“कंडिशनमध्ये काय सांगणार आहेस?”

“Widow. दुसरं काय आहे?”

“राहुलला?”

“दुसऱ्या भेटीतच सांगितलं. मला वाटलं, उठून जाईल. तो म्हणाला, त्याचा फोटो आहे का?” तिने बॅज सरळ केला. “नव्हता. बाबांनी काही ठेवलं नाही. माझ्या भल्यासाठीच, I know.”

मग ती हॉस्पिटलातल्या त्या दोन दिवसांबद्दल बोलली. आवाज न चढवता, दुसऱ्या कोणाबद्दल सांगावं तशी. नर्सने विचारलं होतं, जवळचं कोण आहे? मेश्राम म्हणाले, आम्ही फॅमिली फ्रेंड्स. तिला बाहेरच्या बाकावर बसवलं. दहनालाही नेलं नाही.

“मी तेव्हा बोलू शकले असते. मी त्याची बायको आहे, एवढंच वाक्य. पण मला वाटलं, आपण फक्त कागदावर आहोत. खरं जूनमध्ये होणार होतं. मग मी कोण, आत जायला?”

ते शब्द कोणाचे होते हे तिला आठवत होतं की नाही, मला आजही माहीत नाही. मी तिला सांगितलं, “ते मी म्हटलं होतं, विशाखा. ते खरं नव्हतं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, “Certificate वर त्याची सही आहे का?”

नव्हती. नकलेत सगळं माझंच अक्षर. आणि मूळ रजिस्टर बाहेरच्या माणसाला दाखवायचं नाही, हा आमच्या ऑफिसचा सगळ्यात कडक नियम. तरी मी साहेबांच्या खोलीत गेले. त्यांनी ऐकून घेतलं, एक प्रश्न विचारला, “किती साल?” आणि स्वतः तळघरात उतरले. परत आले ते दोन्ही हातांवर रजिस्टर घेऊन. टेबलावर ठेवलं, पान उघडलं आणि आम्हाला म्हणाले, “पाऊस आहे की नाही, ते मला जरा नीट बघावं लागेल.” मग खिडकीशी जाऊन, आमच्याकडे पाठ करून, कोर्टाकडे बघत उभे राहिले. बाहेर लख्ख ऊन होतं. चांगली पाच मिनिटं त्यांनी पाऊस शोधला.

विशाखाने सहीला हात लावला नाही. तिच्या शेजारी, कोऱ्या समासावर बोट ठेवलं. मिलिंदच्या सहीतल्या शेवटच्या अक्षराला लांब शेपूट होतं. “घाईत होता,” ती म्हणाली. “बाबांनी आटपा म्हटलं होतं ना.”

पुढच्या आठवड्यात ती राहुलला घेऊन आली. उंच, चष्मेवाला, मराठी बोलायची मनापासून हौस असलेला मुलगा.

“काकू, माझा मराठी थोडी वाईट आहे,” तो म्हणाला. “पण मला सगळा गोष्ट माहीत आहे.”

“तुझ्या आईला?”

“ती अजून नाही. विशाखाचे बाबा म्हणतो, wait. ते खूप घाबरते.”

नोटीस लिहिली. कंडिशन: विधवा. मृत्यूचा दाखला आणि मी केलेली नक्कल सोबत. दुपारी मी ती बोर्डावर लावायला गेले. खरं सांगते, शेजारच्या नोटिशीचं टोक त्या रकान्यावर येईल अशी टाचणी लावावी, असा मोह मला झाला होता. लावलीही तशी. संध्याकाळी जाताना पाहिलं तर दोन्ही कागद सरळ रेषेत, वेगवेगळे. साहेब फुटपट्टी घेऊन जाताना दिसले. 

दुसऱ्या दिवशी सकाळी मेश्राम बोर्डासमोर उभे होते. नोटीस वाचून झाल्यावर ते निघून जातील असं मला वाटलं. ते वळले, बोर्डाला पाठ लावली आणि छत्री समोर टेकवून, पहाऱ्यावर असल्यासारखे उभे राहिले. शिफ्टची वेळ झाल्यावर गेले. तिसऱ्या दिवशी पुन्हा हजर. ज्या दिवशी सुट्टी, त्या दिवशी उघडण्यापासून बंद होईपर्यंत. मंडळातली कोणी बाई बसस्टॉपवर दिसली की ते तिच्याशी हवापाण्याच्या गप्पा काढायचे. एरवी हा माणूस तीन शब्दांच्या पुढे जात नसे. लोक म्हणू लागले, मेश्राम रिटायर झाल्यावर फार बोलके होणार.

मी एकदा चहा नेऊन दिला. “पाय दुखतील, दादा. आत बसा.”

“आत बसून काय करू, ताई? लोक बाहेर वाचतात.”

असं दोन आठवडे चाललं. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ठेंगणी, पांढऱ्या साडीवर गडद निळा कोट घातलेली एक बाई रस्ता ओलांडून आली. मागे राहुल. मी काउंटरवरून बघत होते, दार उघडंच होतं.

“जय भीम, मेश्रामसाहेब,” बाई म्हणाल्या.

“जय भीम, जय भीम. थंडी फार आहे आज, नाही का? म्हणजे मी म्हणतो, मे महिना असून...”

“जरा सरका. वाचू द्या.”

“काही नाही हो त्यात. सगळं इंग्लिशच आहे.”

“मी तीस वर्षं इंग्लंडमध्ये आहे. सरका.”

ते सरकले नाहीत. बाईंनी त्यांच्या कोपराला धरून, दार बाजूला करावं तसं, त्यांना हलक्या हाताने बाजूला केलं. चष्मा लावला. ओळीवर बोट ठेवत सावकाश वाचलं. त्या रकान्याशी बोट थांबलं.

“राहुलनं काल रात्री सांगितलं,” त्या म्हणाल्या. “मी म्हटलं, बघून येते. एवढ्यासाठी पंधरा दिवस पाय मोडत उभे आहात? बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून भाषणं ऐकतो आपण, आणि पोरीच्या विधवा असण्याची लाज धरतो?”

मेश्राम छत्रीची मूठ दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

बाईंचा आवाज खाली आला. “काय नाव होतं त्याचं?”

मधे एक बस आली, गेली.

“मिलिंद,” मेश्राम म्हणाले. दहा वर्षांत ते नाव त्यांनी पहिल्यांदाच घेतलं असावं. “मिलिंद रामटेके. जावई होता माझा.”

बाईंनी त्यांना आत आणलं. मी पुन्हा चहा केला. या वेळी ते बसले.

लग्न जूनमध्ये लागलं. हॉलचं, वंदनेचं, जेवणाचं लग्न त्याच दुपारी. विशाखाने तसा आग्रहच धरला होता की मधे एक रात्रही जायला नको. साहेबांचं कार्नेशन नेहमीपेक्षा मोठं. या वेळी मी त्यांची नक्कल मनातल्या मनातही केली नाही. त्यांनी एकेक शब्द असा म्हटला की जणू तो आजच घडवला आहे, आणि विशाखाने तो न थरथरता परत दिला.

मग माझं काम. नावं, वयं. कंडिशनच्या रकान्यात मी लिहिलं, विधवा. नंतर वडिलांची नावं. राहुलची आई टेबलावर वाकून बघत होती.

“आयांना जागा नाही होय यात?”

“नाही,” मी म्हटलं.

“मग साक्षीदार म्हणून तरी घ्या मला,” म्हणत त्यांनी पेन घेतलं आणि ऐसपैस सही केली.

दुसरे साक्षीदार मेश्राम. त्यांनी पेन हातात घेतलं, सही करण्याआधी सगळी ओळ वाचली आणि त्या एका शब्दापाशी थांबले. शाई अजून ओली होती, निळी.

तेवढ्यात विशाखा माझ्याकडे वाकली. चेहऱ्यावर तेच, बावीस वर्षांच्या मुलीचं हसू. “काकू, आता झालं का लग्न?”

“झालं,” मी म्हटलं. “तू शब्द म्हणालीस तेव्हाच झालं.” आणि भिंतीवरच्या घड्याळात बघितलं. “बारा वाजून दहा मिनिटांनी.”

मेश्रामांनी मान वर केली नाही. पेन कागदावर टेकवत, स्वतःशीच बोलावं तसं ते म्हणाले, “तेव्हा अकरा वीस झाले होते.”

मग त्यांनी सही केली, टीपकागद मागून घेतला आणि तो दाबला नाही, ओल्या शाईवर नुसता अलगद ठेवला.